चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे : सोव्हिएत संघानंतरची रशियन भाषा

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि त्याच्या जागी पंधरा स्वतंत्र राष्ट्रं उभी राहिली. रशिया सोडला तर चौदा. या चौदाही ठिकाणी कचेरी, फौज, रेल्वे, विद्यापीठ, कारखाना हे सगळं कमीअधिक प्रमाणात रशियन भाषेतून चालत होतं. शिवाय सुमारे अडीच कोटी रशियन वंशाची माणसं एका रात्रीत परदेशात राहणारी झाली. ती कुठे गेली नव्हती. सीमारेषा त्यांच्या डोक्यावरून पलीकडे गेली.

तेव्हा प्रश्न असा उभा राहिला : कालच्या राज्यकर्त्यांची भाषा हीच आपल्या शेजाऱ्याची मातृभाषा असेल, तर तिचं करायचं काय?

आपल्याकडे या प्रश्नावर दोन झटपट मतं ऐकू येतात. पहिलं असं की, रशियन म्हणजे त्यांची इंग्रजीच. जगाची खिडकी आहे, ती कशाला बंद करता? दुसरं असं की, रशियन ही लादलेली भाषा होती. फेकून दिली ते बरंच झालं. आज मला या दोन्ही मतांची तपासणी करायची आहे. नुसतं ‘दोन्हीकडे थोडं थोडं तथ्य आहे’ असं म्हणून मी उठणार नाही. तसं म्हणणं सोपं असतं आणि त्यातून हाती काही लागत नाही.

कायद्यात नसलेली सत्ता

आधी थोडा इतिहास बघू.

लेनिननं १९१४ साली सक्तीच्या राज्यभाषेविरुद्ध लेख लिहिला होता. मोठी, समृद्ध भाषा लोक गरजेपोटी आपणहून शिकतील. सक्ती केली तर उलट तिचा तिटकारा येईल, असा त्याचा मुद्दा होता. १९२०च्या दशकात सोव्हिएत सरकारनं काही काळ खरोखर त्या वाटेनं जाऊन पाहिलं. स्थानिक भाषांत शाळा निघाल्या, वर्तमानपत्रं निघाली, अनेक भाषांना नव्या लिप्या मिळाल्या. मग १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात वारं फिरलं. मार्च १९३८च्या आदेशानं बिगररशियन शाळांमध्ये रशियन विषय सक्तीचा झाला. मध्य आशियातल्या भाषांची लिपी थोड्याच वर्षांपूर्वी अरबीवरून लॅटिन केलेली होती, ती आता सिरिलिक केली गेली.

आता एक गंमत बघा. ‘रशियन ही सोव्हिएत संघाची अधिकृत भाषा आहे’ असं कायद्यानं पहिल्यांदा कधी म्हटलं? एप्रिल १९९० मध्ये. म्हणजे घर कोसळायला दीड वर्ष उरलं असताना! त्याआधीची सगळी दशकं रशियनचं राज्य कायद्यातल्या त्या कलमावाचूनच चाललं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं इथे जरा थांबावं. भाषेची सत्ता कायद्यात लिहिलेली असतेच असं नाही. बढती कोणत्या भाषेत मिळते, प्रबंध कोणत्या भाषेत सादर करावा लागतो, फौजेत हुकूम कोणत्या भाषेत सुटतो, यात ती असते.

दुसरी गोष्ट १९५८-५९च्या शिक्षणसुधारणेची. मुलानं कोणत्या माध्यमात शिकायचं हे पालकांनी ठरवावं, असा नियम आला. वाचायला किती उदार वाटतो! पण वरच्या शिक्षणाचे आणि नोकरीचे बहुतेक दरवाजे रशियनमधून उघडत असताना पालक दुसरं काय निवडणार? एस्टोनिया, लात्विया, अझरबैजान इथल्या लोकांनी याला विरोध केला तो त्यामुळेच. ही ‘मुक्त निवड’ ध्यानात ठेवा. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

या सगळ्याचा परिणाम १९८९च्या जनगणनेत उघडा पडला. कझाकस्तानातले साठ टक्क्यांहून जास्त कझाक रशियन बोलू शकत होते. तिथल्या रशियनांपैकी कझाक येणारे एक टक्कासुद्धा नव्हते. लात्वियातल्या रशियनांपैकी लात्वियन येणारा पाचांतला जेमतेम एक. दोन भाषा शिकण्याचं सगळं ओझं एकाच बाजूच्या डोक्यावर होतं. माझ्या दृष्टीनं या सगळ्या प्रकरणातलं मूळ दुखणं हेच आहे. टॉलस्टॉयची भाषा कोणालाच नकोशी नव्हती. आपण तिची शिकायची आणि त्यांनी आपली कधीच नाही, हे नकोसं होतं.

म्हणून १९८९मध्ये काय झालं बघा. जानेवारीत एस्टोनिया, मे महिन्यात लात्विया, ऑगस्टअखेर मोल्दोव्हा, ऑक्टोबरमध्ये युक्रेन. मधल्या काळात ताजिकिस्तान, किर्गिझस्तान, कझाकस्तान, उझबेकिस्तान. एकामागून एक प्रजासत्ताकांनी आपापल्या भाषेला राज्यभाषा करणारे कायदे केले. राष्ट्र स्वतंत्र व्हायच्या दोन वर्षं आधी भाषा स्वतंत्र झाली. जॉर्जियाकडे तर राज्यभाषेचं कलम आधीपासून होतं. १९७८ साली नव्या संविधानाच्या मसुद्यातून ते गाळायचा बेत झाला, तेव्हा १४ एप्रिलला तिबिलिसीत लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. सोव्हिएत राजवटीत अशी माघार फार क्वचित पाहायला मिळते.

आता सुनेचे चार दिवस सुरू झाले. पुढचा प्रश्न हा, की सुनेनं काय करावं?

पहिला युक्तिवाद : दोन्ही भाषा समान

पहिला युक्तिवाद समानतेचा. भांडता कशाला? दोन्ही भाषांना समान दर्जा द्या, ज्याला जी हवी ती त्यानं वापरावी.

याची परीक्षा बेलारूसमध्ये झाली. तिथे १९९०च्या कायद्यानं बेलारूशी ही एकमेव राज्यभाषा होती. १९९४ साली लुकाशेंको निवडून आले आणि मे १९९५च्या सार्वमतात रशियनला समान दर्जा द्यावा, या बाजूनं ८३ टक्के मतं पडली. कागदावर कोणाचं काही गेलं नाही. बेलारूशी तेव्हाही राज्यभाषा होती, आजही आहे. पण शाळांतून, कचेऱ्यांतून, दूरचित्रवाणीवरून ती आटत गेली. आज मिन्स्कमध्ये रस्त्यावर बेलारूशी बोलणारा माणूस राजकीय विरोधक तर नाही ना, अशी शंका घेतली जाते. आपल्याच देशाची राज्यभाषा बोलणं ही बंडाची खूण ठरावी, याला काय म्हणायचं?

कोणी म्हणेल, लोकांनीच निवडलं ना? इथे ते १९५८चं तत्त्व पुन्हा भेटतं. एका भाषेमागे शतकभराची विद्यापीठं, ग्रंथसंग्रह, बाजारपेठ आणि शेजारचं बलाढ्य राष्ट्र आहे. दुसरीमागे खेडी आणि कवी आहेत. दोघींना एकाच रेषेवर उभं करून ‘पळा’ म्हणणं ही शर्यत होत नाही. समान दर्जा आणि समान स्थिती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विषम स्थितीला समान दर्जा दिला की विषमता तशीच पुढे चालू राहते, आणि वर तिला न्यायाचं प्रमाणपत्र मिळतं.

म्हणून ‘भाषा हे निव्वळ साधन आहे’ हे मत मला मान्य नाही. साधन म्हणून जिची बाजू घेतली जाते ती नेहमी बलवान भाषाच असते, हे एकदा तपासून बघा.

दुसरा युक्तिवाद : अन्यायाची भरपाई

दुसरा युक्तिवाद याच्या अगदी उलट टोकाचा. आमच्यावर अन्याय झाला, आता त्याची भरपाई होऊ द्या. त्याचं ठळक रूप बाल्टिक देशांत दिसतं.

त्यांची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. लात्विया आणि एस्टोनिया ही १९१८ पासून १९४०पर्यंत स्वतंत्र राष्ट्रं होती. ती बळानं गिळंकृत केली गेली. मार्च १९४९ मध्ये काही दिवसांत हजारो कुटुंबं मालगाड्यांत घालून सैबेरियाला पाठवली गेली. मग कारखान्यांसाठी, फौजेसाठी बाहेरून माणसं आली. युद्धापूर्वी लात्वियात लात्वियन लोक साधारण तीन चतुर्थांश होते. १९८९ साली ते ५२ टक्के उरले. रिगा या राजधानीत तर ते अल्पसंख्य झाले. आपल्याच राजधानीत दुकानदाराशी आपल्या भाषेत बोलता येऊ नये, हे दुःख समजून घ्यायला मराठी माणसाला फार कष्ट पडू नयेत.

इथपर्यंत ठीक. पण १९९१ नंतर या दोन देशांनी नागरिकत्व दिलं ते १९४०पूर्वीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांना. बाकीच्यांनी भाषेची आणि इतिहासाची परीक्षा द्यायची आणि मग नागरिक व्हायचं. लात्वियात १९९०च्या दशकाच्या मध्यावर असे सुमारे सात लाख लोक होते, म्हणजे लोकसंख्येच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. त्यांच्या पासपोर्टवर लिहिलेलं असे ‘अनागरिक’. म्हणजे नागरिक नव्हे, पण परका म्हणावा तर तसंही नव्हे. शेजारच्या लिथुआनियानं मात्र १९८९ सालीच ठरवलं की, जो इथे राहतो आणि ज्याला व्हायचं आहे तो आमचा नागरिक. अर्थात तिथे लिथुआनियन लोक जवळजवळ ८० टक्के होते. औदार्य परवडण्यासारखं होतं, हेही खरं.

माझा आक्षेप नेमका कुठे आहे ते सांगतो. अन्याय केला एका राज्यसंस्थेनं. ती राज्यसंस्था मेली. तिची वसुली आता कोणाकडून करायची? रिगात १९६० साली जन्मलेली, तिथेच कापडगिरणीत राबलेली बाई सोव्हिएत संघाच्या धोरणाची कर्ती नव्हती. तिनं लात्वियन शिकावं ही अपेक्षा रास्त आहे. पण तिचं नागरिकत्व त्या परीक्षेला टांगून ठेवणं म्हणजे खेळ संपल्यावर नियम लिहिण्यासारखं आहे. भरपाईच्या न्यायात पहिला प्रश्न ‘किती’ हा नसतो, ‘कोणाकडून’ हा असतो.

लात्वियानं पुढे पुष्कळ दुरुस्त्या केल्या, त्याही नोंदवल्या पाहिजेत. वयोगटानुसार अर्जाची वाट पाहायला लावणारी पद्धत ऑक्टोबर १९९८च्या सार्वमतानं गेली. अनागरिकांच्या घरी जन्मलेल्या बाळांना १ जानेवारी २०२०पासून आपोआप नागरिकत्व मिळू लागलं. पण याच काळात गाडी दुसऱ्या रुळावरूनही धावत होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये रशियनला दुसरी राज्यभाषा करावी का यावर सार्वमत झालं. तीन चतुर्थांश लोकांनी नकार दिला. २०२२नंतर रशियन माध्यमाच्या शाळा तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं संपूर्ण लात्वियन करायचं ठरलं. लात्वियात राहणाऱ्या रशियाच्या नागरिकांना, अगदी सत्तरीतल्यांनाही, कायम वास्तव्य टिकवायला भाषेची परीक्षा द्यावी लागली. सूट फक्त पंच्याहत्तरीपुढच्यांना. मी स्वतः त्या वयाचा माणूस आहे. सत्तराव्या वर्षी नवी क्रियापदरूपं पाठ करायची, आणि नाही जमली तर घर सोडायची धास्ती, याचा अर्थ मला पुस्तकातून शोधावा लागत नाही.

स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयानं २०२३ साली लात्वियाच्या आधीच्या शालेय सुधारणांत हक्कभंग झालेला नाही असा निकाल दिला, हे मला माहीत आहे. पण कायद्यात बसणं ही न्यायाची खालची मर्यादा झाली. शहाणपण तिच्या बरंच वर असतं.

तिसरा युक्तिवाद : जिथे भाषा तिथे राष्ट्र

तिसरा युक्तिवाद मॉस्कोचा. तो असा : जिथे जिथे रशियन बोलली जाते तिथली माणसं आमची, आणि त्यांच्या रक्षणाचा अधिकार आमचा. १९९९ साली रशियानं परदेशस्थ ‘देशबांधवां’साठी कायदा केला, २००७मध्ये ‘रुस्की मीर’ म्हणजे ‘रशियन जग’ नावाची संस्था काढली. भाषाप्रसाराच्या संस्था सगळेच काढतात, त्यात गैर काही नाही. पण २०१४ आणि २०२२मध्ये हाच युक्तिवाद रणगाड्यावर बसून आला.

या युक्तिवादाचं खंडन करायला मला तत्त्वज्ञांची गरजच पडत नाही. खारकीव आणि मारियुपोल या मुख्यतः रशियन बोलणाऱ्या शहरांवर सर्वांत भीषण तोफखाना चालला. ज्यांच्या रक्षणासाठी आलो म्हणाले, त्यांचीच घरं पाडली. युक्रेननं २०१९ साली ज्यांना ७३ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष केलं त्या झेलेन्स्कींची मातृभाषा रशियन. आंद्रेय कुर्कोव्ह हे युक्रेनचे नामवंत कादंबरीकार रशियनमधून लिहीत आले. भाषा आणि निष्ठा यांची गाठ निसर्गानं बांधलेली नाही. ती बांधावी लागते, आणि बहुतेक वेळा ती भीतीनं बांधली जाते.

पण समीक्षा करायची तर कीव्हचीही केली पाहिजे. झारशाहीनं १८६३च्या आणि १८७६च्या फर्मानांनी युक्रेनियनमधल्या छपाईवर बंदी घातली होती, तेव्हा त्यांच्या मनातली जखम जुनी आहे. १९९६च्या युक्रेनियन संविधानाच्या दहाव्या कलमात मोठा समतोल होता : राज्यभाषा युक्रेनियन, पण रशियन आणि इतर अल्पसंख्य भाषांच्या विकासाची आणि वापराची हमी. २०१२च्या कायद्यानं दहा टक्के भाषक असतील तिथे प्रादेशिक भाषेला दर्जा दिला. २३ फेब्रुवारी २०१४ला, यानुकोविच पळून गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, संसदेनं तो कायदा रद्द करायचं मतदान केलं. हंगामी राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही केली नाही. कायदा पुढे चार वर्षं चालू राहिला आणि २०१८ साली संविधान न्यायालयानं तो रद्द केला. म्हणजे ‘रशियनवर बंदी घातली’ हे त्या दिवशी खोटं होतं. पण त्या खोट्याला धागा पुरवला तो त्या मतदानानं. भाषेच्या बाबतीत कायद्याइतकंच त्याचं टायमिंगही बोलतं.

२०१९च्या कायद्याबद्दल व्हेनिस आयोगानं नेमका मुद्दा काढला. इंग्रजीला, युरोपीय संघातल्या भाषांना एक सवलत आणि रशियनला दुसरी वागणूक, या भेदाचं समर्थन पुरेसं झालेलं नाही. मला तो आक्षेप पटतो. आणि तरीही पुढे जे घडलं ते कोणत्याच कायद्यानं घडवलेलं नाही. २०२२नंतर असंख्य रशियनभाषक युक्रेनियनांनी आपणहून घरात भाषा बदलली. जे काम तीस वर्षांच्या सरकारी धोरणाला जमलं नाही ते रशियन क्षेपणास्त्रांनी केलं. लेनिनच्या १९१४च्या लेखातल्या इशाऱ्याचा याहून कडवट पुरावा मिळणार नाही.

मध्य आशिया : भाषा कोणाच्या मुलाची गेली?

मध्य आशियात प्रश्नाचा चेहरा बदलतो. तिथे तो जातो वर्गाकडे.

ताजिकिस्ताननं २००९च्या भाषाविषयक कायद्यातून रशियनचा उल्लेख काढला. संविधानात मात्र ती ‘आंतरवांशिक संवादाची भाषा’ म्हणून राहिली. रशियन शिक्षक देश सोडून गेले. आणि त्याच देशातले लाखो तरुण मॉस्कोत बांधकामावर, बाजारात, रस्तेसफाईला जातात. त्यांनी पाठवलेल्या पैशावर देशाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा उभा आहे. रशियात कामाच्या परवान्यासाठी २०१५पासून रशियन भाषेची परीक्षा द्यावी लागते. म्हणजे झालं काय? राजधानीतल्या अधिकाऱ्याच्या मुलासाठी चांगली रशियन शाळा शिल्लक राहिली. खेड्यातल्या मुलाची रशियन गेली, आणि परदेशी मजुरी करायला तोच गेला. करारावर काय लिहिलंय हे वाचता येत नसताना. राष्ट्रभाषेचा जयजयकार व्यासपीठावर आणि सत्तेची भाषा स्वतःच्या घरात, हे दृश्य आपल्याला अनोळखी नाही. मराठी माध्यमाची भाषणं करून नातवंडांना कुठे घालतात, ते आपण जाणतोच.

किर्गिझस्ताननं २०००मध्ये रशियनला ‘अधिकृत भाषा’ म्हटलं आणि किर्गिझला ‘राज्यभाषा’. कझाकस्ताननं १९९५च्या संविधानाच्या सातव्या कलमात राज्यभाषा कझाक ठेवली आणि सरकारी संस्थांत रशियन तिच्या ‘बरोबरीनं’ वापरली जाईल असं म्हटलं. राष्ट्राध्यक्षाला कझाक उत्तम आलीच पाहिजे अशी अट घातली. सामान्य नागरिकाला घातली नाही. मला ही युक्ती आवडते. ओझं वरच्याच्या डोक्यावर आधी. १९८९मध्ये कझाक लोक आपल्याच देशात चाळीस टक्क्यांच्या आत होते. १९३०-३३च्या दुष्काळानं दहा लाखांहून जास्त माणसं मारलेली आणि नंतर बाहेरून वसाहती आलेल्या. आज ते सुमारे ७० टक्के आहेत. कझाकस्ताननं घाई केली नाही, काळाला काम करू दिलं. याची किंमतही आहे. अल्माटीत चांगली नोकरी अजून रशियनवरच मिळते आणि खेड्यातून आलेला कझाक तरुण आपल्याच शहरात बुजतो. पण रक्त सांडलं नाही. तराजूत हे वजन हलकं समजू नये.

लिपीबद्दल दोनच वाक्यं. अझरबैजानची लिपी एका शतकात अरबी, लॅटिन, सिरिलिक, पुन्हा लॅटिन अशी फिरली. उझबेकिस्ताननं १९९३मध्ये लॅटिनचा कायदा केला, पण सिरिलिक अजून पूर्ण गेलेली नाही. मोडी गेली आणि आपल्याच पूर्वजांचे कागद वाचायला आपल्याला जाणकार शोधावा लागतो. तिकडे हे एकाच घरातल्या आजोबा-नातवात घडलं.

सिद्धान्त कुठे अपुरे पडतात

डेव्हिड लेटिन यांचं १९९८चं पुस्तक या विषयात महत्त्वाचं मानलं जातं. एस्टोनिया, लात्विया, युक्रेन, कझाकस्तान यांचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं की पालक हिशेब करतात : ही भाषा शिकवली तर मुलाला काय मिळेल, आणि आपल्यासारखे इतर काय करताहेत? हिशेब खराच असतो. पण माणूस भाषेबाबत फक्त नफा मोजत नाही, मानही मोजतो. खारकीवमधल्या माणसानं २०२२मध्ये भाषा बदलली ती कोणत्या हिशेबानं?

दुसरे विल किम्लिका. पाश्चात्त्य अल्पसंख्य-हक्कांचा विचार पूर्व युरोपात चालेल का, यावर त्यांनी लिहिलं. तिथल्या बहुसंख्यांना स्वतःलाच आपण बळी असं वाटतं आणि अल्पसंख्य शत्रूचा हस्तक वाटतो, ही अडचण त्यांनी अचूक ओळखली. भीतीच्या छायेत हक्कांची भाषा ऐकू येत नाही. पण मग पुढे काय, याचं उत्तर नुसत्या हक्कांच्या यादीत नाही.

माझं म्हणणं असं आहे. आपण भाषासक्ती या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक : राज्यभाषा शिकायला लावणं. दोन : स्वतःच्या भाषेत शिकायला, छापायला, बोलायला अडवणं. तीन : भाषेवर नागरिकत्व किंवा घर टांगणं. पहिली गोष्ट न्याय्य आहे, पण राज्यानं शिक्षक, पुस्तक आणि वेळ पुरवला तरच. शिकवायचं नाही आणि परीक्षा मात्र घ्यायची, ही वसुली झाली. दुसरीला अपवाद म्हणूनही फार मोठं कारण लागेल. तिसरी, आधीपासून तिथे राहणाऱ्यांच्या बाबतीत, मला कोणत्याच कारणानं मान्य नाही. आणि बेलारूसनं शिकवलेली चौथी गोष्ट : पहिलीसुद्धा न करणं म्हणजे तटस्थ राहणं नव्हे, ते बलवानाच्या बाजूनं उभं राहणं आहे.

आता सुरुवातीच्या दोन मतांकडे येऊ. रशियन म्हणजे त्यांची इंग्रजी नव्हे. आपल्याकडे १९६३च्या कायद्यानं इंग्रजी राहिली आणि १९६५च्या तामिळनाडूतल्या आंदोलनानंतर ती आणखी पक्की झाली, कारण ती कोणत्याही शेजाऱ्याची मातृभाषा नव्हती आणि इंग्रज जहाजात बसून गेले होते. तिकडे रशियनभाषक जिन्यात भेटतो, आणि सीमेपलीकडे फौज उभी आहे. आणि रशियन ही नुसती लादलेली भाषाही नव्हे. किर्गिझ चिंगीझ ऐतमातोव्ह दोन्ही भाषांतून लिहीत होता. बेलारूसच्या स्वेतलाना अलेक्सिएविचनी रशियनमधून लिहून २०१५चं नोबेल मिळवलं आणि त्या भाषेतून सोव्हिएत राजवटीचंच शवविच्छेदन केलं. आपण मराठीत स्वस्तातली सोव्हिएत पुस्तकं वाचताना ऐतमातोव्हला बिनदिक्कत ‘रशियन लेखक’ म्हणत होतो. त्याला रशियन म्हणणं चूक, आणि रशियन भाषेला फक्त रशियाची म्हणणं हीही त्याच जातीची चूक.

सुनेचे दिवस आले तर तिनं सासू व्हायचं की नाही, हा निर्णय तिचा असतो. सासूनं छळलं हे त्याचं स्पष्टीकरण होईल. समर्थन होणार नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : रशियानं आक्रमण केलेलं असताना तुम्ही लात्विया-युक्रेनच्या चुका काढता. हे आक्रमकाला मदत करणं नाही का?

उत्तर : प्रश्न रास्त आहे. आक्रमणाचा दोष शंभर टक्के आक्रमकाचा. शेजाऱ्याच्या शाळेत कोणती भाषा शिकवतात यावरून कोणालाही त्याच्या घरात रणगाडा घालता येत नाही. पण एखादी टीका शत्रूनं वापरली म्हणून ती खोटी ठरत नाही. उलट ‘रशियनभाषकांचं रक्षण’ हा दावा पोकळ करायचा सर्वांत खात्रीचा मार्ग कोणता? त्यांना आपल्या राज्यात इतकं सुरक्षित वाटू द्यायचं की बाहेरच्या रक्षकाची गरजच भासू नये. युक्रेनच्या रशियनभाषक सैनिकांनी ते दाखवून दिलं आहे. त्यांच्या राज्यानं ती निष्ठा ओळखून तिचा मान ठेवावा, एवढंच मी म्हणतो.

प्रश्न : मग महाराष्ट्रात मराठीच्या सक्तीबद्दल तुमचं मत काय? आणि हिंदीच्या?

उत्तर : हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. (हशा) तीच कसोटी लावा. इथे राहणाऱ्यानं मराठी शिकावी ही अपेक्षा न्याय्य आहे, आणि ती शिकवायची सोय करणं आपलं काम आहे. ती आपण किती केली? मोठ्यांसाठी संध्याकाळचे मराठीचे वर्ग तुमच्या भागात किती चालतात, मोजून बघा. येत नाही म्हणून एखाद्या रिक्षावाल्याला मारणं कोणत्याच कसोटीत बसत नाही. पहिलीपासून हिंदी आणण्याचा २०२५चा निर्णय सरकारला मागे घ्यावा लागला, कारण लोकांना त्यात ओझ्याची तीच विषम वाटणी दिसली : आम्ही त्यांची शिकायची, आमची कोण शिकणार? पण मुंबईतली परिस्थिती रिगासारखी नाही, आणि आपल्या मागे कोणी मालगाडीत घालून सैबेरियाला पाठवल्याचा इतिहास नाही. दुसऱ्याचं दुःख समजून घ्यावं, उसनं घेऊ नये.